रसायनाची शाळा आणि दुसऱ्या वाटेने आलेले गुरुजन
(बारामती-इंदापूर परिसराच्या शैक्षणिक इतिहासातील एक प्रकरण)

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे सांगितलेली आहेत. त्यांपैकी आहार आणि औषध यांसाठी समाजाचा हात नेहमीच सैल राहिला. शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान यासाठीही समाजाने पाठशाळा काढल्या, वसतिगृहे उभारली, महाविद्यालयांना देणग्या दिल्या. तथापि ज्ञानदान केवळ इमारतीने होत नाही. इमारतीत वर्ग असतो, वर्गात फळा असतो, आणि फळ्यापुढे कोणीतरी उभे राहावे लागते. तो उभा राहणारा मनुष्य कोठून येतो, हा प्रश्न संस्थांच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली आढळतात. शिक्षकांची नावे मात्र हजेरीपटाबरोबर जीर्ण होऊन जातात.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, तर एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. या भूमीला रसायनशास्त्राची गरज फार लवकर भासली; आणि या प्रदेशाच्या शिक्षणावर ज्यांचा ठसा उमटला, त्यांतील अनेक जण आधी दुसऱ्याच व्यवसायात होते. कोणी चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करीत होते, कोणी सरकारी कचेरीत कारकुनी करीत होते, तर कोणी कंदील आणि नांगर विकीत गावोगाव हिंडत होते. अर्धे आयुष्य एका व्यवसायात घालवून उरलेले आयुष्य शिक्षणाला देण्याची ही परंपरा आज पुन्हा आठवण्यासारखी आहे. 

नीरेचे पाणी आणि खारवट जमीन

या कथेचा आरंभ पाण्यापासून होतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा हा पूर्वभाग होरपळून निघाला. पुढे भाटघर येथे येळवंडी नदीवर धरण बांधण्यात आले आणि १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले. ज्या शिवारात पूर्वी बाजरी आणि ज्वारी यांखेरीज फारसे काही पिकत नव्हते, तेथे ऊस डोलू लागला. गुऱ्हाळे सुरू झाली, बारामतीची गुळाची पेठ भरू लागली आणि व्यापारी घराण्यांनी येथे आपली दुकाने थाटली. १९२७ मध्ये भाटघरचे नवे, मोठे धरण पूर्ण झाल्यावर या बागायतीला अधिकच बळ आले.

परंतु पाण्याबरोबर एक संकटही आले. कालवा सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच सखल भागातील काळ्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या आणि त्यांच्यावर पांढरा थर दिसू लागला. शेतकरी त्यास खार फुटणे म्हणत. काल ज्या शेतात ऊस उभा होता, तेथे आज गवतही उगवेना. कोणी त्यास दैवाचा कोप म्हटले, कोणी कालव्याचे पाणीच बाधल्याचे म्हटले.

वास्तविक हा रसायनाचा खेळ होता. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाणी भरमसाट दिले म्हणजे भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावे, त्याप्रमाणे ते पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पृष्ठभागापर्यंत येते. उन्हाने पाण्याची वाफ होते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. दर हंगामास हा थर वाढत जातो. पुढे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसले म्हणजे जमीन चोपण होते, ओली असता चिखलासारखी लिबलिबीत आणि वाळली असता दगडासारखी कठीण. 

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी केला, त्यांत डॉ. हॅरल्ड मान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मूळचे रसायनशास्त्रज्ञ असलेले मान १९०० मध्ये भारतात आले ते चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून. चहाच्या झुडपांवरील कीड आणि रोग हा त्यांचा विषय होता. पगार, प्रतिष्ठा, पुढील वाट, सर्व काही त्या व्यवसायात होते. तथापि १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि चहाच्या मळ्यांतून विद्यार्थ्यांच्या सहवासात आले. १९१० मध्ये त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका सिद्ध केली आणि ती मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली. या खोऱ्यातील माती प्रयोगशाळेत तपासली जाऊन त्यावर ग्रंथरूपाने विचार झाल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. पुढे १९१७ मध्ये पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावच्या जमीन आणि श्रम यांच्या पाहणीमुळे त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या अभ्यासकांतही मान्य झाले.

मान यांच्या चरित्रातून एक मर्म हाती लागते. मळ्यातील कामाने त्यांना एक सवय लावली होती. रोग झाडावर दिसला तरी कारण मातीत शोधायचे. हीच सवय त्यांनी नीरेच्या काठी आणली. केवळ पुस्तकातून रसायन शिकलेल्या मनुष्यास पांढरा थर दिसला असता. प्रत्यक्ष कामातून आलेल्यास त्या थराखालचे पाणी दिसले. निचऱ्याचे चर काढणे, पाणी मोजून देणे, चोपण जमिनीत जिप्सम मिसळून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणणे आणि मोकळे झालेले क्षार गोड्या पाण्याने धुऊन काढणे, हे उपाय आज शेतकऱ्यासही ठाऊक आहेत. ते ठाऊक होण्यामागे प्रयोगशाळा आणि शिवार यांना जोडणाऱ्या अशा शिक्षकांच्या पिढ्या उभ्या आहेत.

कचेरीतून शाळेकडे

बारामतीच्या माध्यमिक शिक्षणाचा विचार करताना महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. या संस्थेच्या बारामती येथील विद्यालयाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून या गावातील मुलांना इंग्रजी शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. पुण्यात या संस्थेचा पाया घालणाऱ्यांत वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांची नावे घेतली जातात. त्यांपैकी एकाच्या आडनावातच इंदापूर आहे. फडके हे लष्कराच्या हिशेब कचेरीत कारकून होते. दिवसभर सरकारी आकडेमोड करणाऱ्या तरुणास आपल्या देशबांधवांसाठी शाळा असावी असे वाटले. पुढे त्यांनी सशस्त्र बंडाचा मार्ग पत्करला आणि इतिहासाने त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून गौरविले. त्या तेजात शाळेच्या उभारणीतील त्यांचा वाटा काहीसा झाकोळून गेला. 

कंदील, नांगर आणि वसतिगृह

जैन समाजास अभिमान वाटावा असे या परंपरेतील सर्वांत मोठे नाव म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणात त्यांना फारशी गती मिळाली नाही आणि उपजीविकेसाठी त्यांनी अनेक वाटा चोखाळल्या. साताऱ्यात शिकवण्या केल्या, त्यामुळे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ओगले यांच्या काच कारखान्याच्या मालाचा प्रसार केला, किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरविले, आणि साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. 

विक्रेत्याच्या या फिरतीकडे केवळ पोटापाण्याचा उद्योग म्हणून पाहणे योग्य होणार नाही. लोखंडी नांगर विकावयाचा तर शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते, त्याची अडचण समजून घ्यावी लागते, आणि नवी वस्तू त्याला का उपयोगी आहे हे प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. चांगल्या शिक्षकाचे कामही याहून निराळे नाही. गावोगाव हिंडताना भाऊरावांना दिसले की, कंदील घरी आला तरी त्याच्या उजेडात वाचणारे कोणी नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने या मुलांच्या अन्नासाठी दिले, ही हकीकत महाराष्ट्रास सुपरिचित आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वतः दुसऱ्या व्यवसायातून शिक्षणात आलेल्या भाऊरावांनी अनुभव पुरेसा आहे असे कधीही मानले नाही. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले आणि १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू केले. मधल्या काळात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. शाळा आधी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण नंतर, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. दोन्ही कामे बरोबरीने चालविली. मन कितीही उदार असले, तरी शिकविणे ही कला शिकावी लागते, हे त्यांनी कृतीने सांगितले. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या संस्थेचा विस्तार खेडोपाडी पोहोचला होता.

गुळव्या, केमिस्ट आणि मास्तर

इंदापूर तालुक्यात रसायनाने आणखी एक रूप घेतले. सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी वडिलोपार्जित व्यापाराची चाकोरी सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. हे फाटकही पूर्वी रेल्वेत कारकून होते. पुढे जहाज, विमान आणि मोटार या उद्योगांत वालचंद शेठजींनी देशाला नवी वाट दाखविली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब गावाजवळच्या माळरानावर त्यांनी उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने झाले. गुऱ्हाळाची जागा चिमणीने घेतली.

गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा असणारा गुळव्या हा एका अर्थी पुस्तकाविना रसायनशास्त्रज्ञच होता. रसात चुना किती घालावा, भेंडीच्या रसाने मळी केव्हा काढावी, पाकाचा कोणता बुडबुडा आला म्हणजे काहील उतरावी, हे त्यास डोळ्यांनी कळत असे. कारखान्यात हेच काम केमिस्टकडे आले. उसाच्या रसात चुन्याची निवळी मिसळायची, त्यातून गंधकाचा धूर सोडायचा, तयार होणाऱ्या साक्याबरोबर अशुद्ध द्रव्ये खाली बसवायची, स्वच्छ रस निर्वात पात्रात आटवायचा आणि स्फटिक झालेली साखर मळीपासून अलग करायची, अशी ही मालिका. आम्लता थोडी वाढली तर साखर फुटते, अल्कता वाढली तर रंग बिघडतो. 

कारखाना आला म्हणजे वसाहत येते, वसाहत आली म्हणजे शाळा येते. वालचंदनगर येथील वर्धमान विद्यालयाचे नावच भगवान महावीरांच्या जन्मनावाचे स्मरण देते. अशा वसाहतीत वाढणाऱ्या मुलास रसायन हा परका विषय राहत नाही. भोंग्याबरोबर आणि मळीच्या वासाबरोबर तो घरात येतो. तथापि कारखान्यातील केमिस्ट आणि शाळेतील विज्ञान शिक्षक यांच्यामध्ये एक दरी असते. कारखान्याची भाषा लाइम, सल्फर, ज्यूस अशी. वर्गाची भाषा चुनकळी, गंधक, आम्ल, आम्लारी, संयुजा, उदासिनीकरण अशी. कारखान्यात चूक झाली तर पोते बाद होते. वर्गात चूक झाली तर मुलाच्या मनात विषयाची भीती बसते आणि ती जन्मभर जात नाही. म्हणून जो केमिस्ट शिक्षक होऊ इच्छितो, त्याला आपले ज्ञान आधी उतरवून ठेवावे लागते आणि काहीच ठाऊक नसलेल्या मुलाच्या जागी बसून पहिली पायरी शोधावी लागते. ज्यास हे साधले, त्याच्यासारखा शिक्षक दुसरा नाही. कारण लिटमस कागद निळ्याचा तांबडा का होतो हे तो सांगतोच, शिवाय त्या रंगावर कोणाचे पोट अवलंबून आहे हेही त्यास ठाऊक असते.

अनेकांताच्या नावाने

बारामतीच्या शैक्षणिक जीवनात १९६२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीच्या वतीने तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि कला, विज्ञान व वाणिज्य या शाखांचे शिक्षण गावातच मिळू लागले. संस्थेने आपल्या नावासाठी जैन दर्शनातील अनेकान्त हे तत्त्व निवडले, हे अर्थपूर्ण होय. वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका बाजूचे दर्शन म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, हा विचार विज्ञानाच्या विद्यार्थ्यास तितकाच उपयुक्त आहे. त्यापूर्वी रसायनात पदवी घेऊ इच्छिणाऱ्या मुलास पुणे, सोलापूर किंवा फलटणपलीकडची वाट धरावी लागे. मुलींच्या बाबतीत तर ही वाट बहुधा बंदच असे. महाविद्यालय गावात आल्यावर प्रयोगशाळेचा दरवाजा त्यांच्यासाठीही उघडला. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि पुढे बारामतीचे रूपांतर एका मोठ्या शिक्षणकेंद्रात झाले.

व्यापारी समाजाला रसायन परके असण्याचे कारण नाही. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो रंग पक्का आहे का हा. तुरटीमुळे रंग धाग्याला धरतो हे रंगाऱ्यास पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८९७ मध्ये जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती बसली. सराफाच्या कसोटीवरील तेजाब, किराणा दुकानातील धुण्याचा सोडा, औषधाच्या दुकानातील बाटल्या, ही सर्व रसायनाचीच दालने होत. श्रावकाच्या घरी पाणी गाळून घेण्यासाठी बांधलेले दुपदरी वस्त्र हे मुलाला गाळणक्रिया शिकविण्याचे सर्वांत जवळचे साधन आहे. 

धर्मग्रंथांतही पदार्थाचा विचार आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गल आणि परमाणू यांचे विवेचन असून, परमाणूंचा बंध स्निग्ध आणि रूक्ष या गुणांमुळे होतो असे प्रतिपादन आहे. यावरून आधुनिक रसायन आपल्या पूर्वजांना संपूर्ण ज्ञात होते असा दावा करणे उचित नव्हे. प्रयोग आणि मापन यांच्या आधारावर उभे राहिलेले शास्त्र निराळे आणि दर्शन निराळे. परंतु वस्तू कशाची बनली आहे आणि तिचे कण एकत्र का राहतात, हा प्रश्न ज्या परंपरेने इतक्या पूर्वी विचारला, त्या परंपरेतील मुलांना रसायनाचा वर्ग कंटाळवाणा वाटावा, ही शोभणारी गोष्ट नाही.

वेर्चेल्लीचे एक वकील

दूरदेशीचे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. इटलीतील तुरीन शहरी १७७६ मध्ये जन्मलेले आमेदेओ आव्होगाद्रो हे वकिलाच्या घराण्यातील. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, काही काळ वकिलीही केली. पुढे त्यांचे मन गणित आणि भौतिक शास्त्रांकडे वळले. १८०९ मध्ये ते वेर्चेल्ली या लहानशा गावातील विद्यालयात शिक्षक झाले. आणि दोनच वर्षांनी, १८११ मध्ये, समान तापमान व समान दाब असता सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे गृहीतक त्यांनी मांडले. त्यांच्या हयातीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १८५६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, १८६० च्या कार्ल्सरूह येथील परिषदेच्या सुमारास, कान्निझारो यांनी त्याचे महत्त्व जगाला पटवून दिले. आज अकरावी-बारावीचा प्रत्येक विद्यार्थी मोलची संकल्पना शिकताना आव्होगाद्रोंचा अंक पाठ करतो. तो अंक ज्यांच्या नावे आहे ते वकिलीतून शाळेत आलेले एक शिक्षक होते, हे मात्र त्यास क्वचितच सांगितले जाते.

आजची वाट

इतिहास सांगून झाल्यावर वर्तमानाचा विचार करणे प्राप्त आहे. कारखाना, औषध कंपनी किंवा दुकान यांत पंधरा-वीस वर्षे काढल्यानंतर एखाद्यास माध्यमिक शाळेत रसायन शिकवावेसे वाटले, तर आज कोणती वाट आहे? नववी-दहावीस रसायन हा स्वतंत्र विषय नसून तो विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचा भाग आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी आणि बी.एड. आवश्यक असते. अकरावी-बारावीस स्वतंत्र रसायनशास्त्र शिकवावयाचे तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. पूर्वी एका वर्षाचा असलेला बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. खासगी शाळांतील नेमणुका १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनुसार होतात. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि २०१७ पासून अभियोग्यता चाचणी व पवित्र प्रणाली यांच्याद्वारे अनुदानित शाळांची भरती होऊ लागली.

यापुढचा हिशेब व्यापाऱ्यास चटकन कळेल असा आहे. २००० पासून सुरू झालेल्या योजनेनुसार नव्या शिक्षकास आरंभीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. २०२३ मध्ये वाढ होऊन माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १८००० रुपये झाले. अनुदानित शाळेतील निवृत्तीचे वय ५८ आहे, भरतीस वयोमर्यादा आहे, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन सरसकट लागू नाही. म्हणजे पस्तिशीत निर्णय घेणाऱ्या गृहस्थास दोन वर्षे शिक्षणात आणि तीन वर्षे अल्प मानधनावर काढावी लागतात. पंचेचाळिशीत निर्णय घेणाऱ्यास अनुदानित शाळेचा दरवाजा बहुधा बंदच असतो आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचीच वाट उरते. घरात शिकणारी मुले, वृद्ध आईवडील, दुकानाचे किंवा घराचे कर्ज, यांसमोर हा आकडेमोडीचा कागद ठेवला म्हणजे अनेकांची इच्छा तेथेच मावळते. त्यात त्यांचा दोष नाही. भाऊरावांच्या संसाराला जो त्याग सोसावा लागला, तो प्रत्येक गृहस्थाकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल.

नेमक्या या ठिकाणी समाजाच्या दानाला काम आहे. समाजातील संस्थांनी आजवर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रौढास दोन वर्षांच्या बी.एड. साठी शिष्यवृत्ती देण्याची प्रथा मात्र रुजली नाही. मानधनाच्या तीन वर्षांत त्याच्या घरखर्चाची थोडी भर घालणे, शाळेच्या प्रयोगशाळेत रसायने आणि काचसामान दरवर्षी पुरविणे, आणि निवृत्त केमिस्ट, औषधनिर्माते, रंगकामातील जाणकार यांना आठवड्यातून एक दिवस शाळेच्या प्रयोगशाळेत मुख्याध्यापकांच्या संमतीने साहाय्यक म्हणून आणणे, या गोष्टी एखाद्या मध्यम ट्रस्टलाही अशक्य नाहीत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नावाची पाटीही लागत नाही. कदाचित त्यामुळेच असे दान मागे पडत असावे.

कोणी म्हणेल की, आज सर्व ज्ञान मोबाइलवर उपलब्ध असता शिक्षकाची एवढी चिंता कशाला? त्यास उत्तर एवढेच की, पडद्यावर दिसणारा प्रयोग कधी फसत नाही. आणि विद्यार्थी शिकतो तो बहुधा फसलेल्या प्रयोगातून. परीक्षानळीत अपेक्षित साका पडला नाही, तेव्हा का पडला नाही हे शेजारी उभे राहून विचारणारा मनुष्य लागतो. ज्याने स्वतः कारखान्यात रात्रपाळीला बिघडलेला रस सावरला आहे, किंवा उतरलेल्या रंगाचा तागा परत घेऊन रंगाऱ्याशी वाद घातला आहे, त्याच्या तोंडून हा प्रश्न अधिक खरा वाटतो.

उपसंहार

नीरेच्या कालव्याने या प्रदेशास समृद्धी दिली आणि तीच समृद्धी बेतशीर न वापरल्यामुळे जमिनी खारवल्या. संपत्तीचेही असेच असते. ती एका जागी साचून राहिली म्हणजे वर पांढरा थर धरते. तिला निचऱ्याची वाट करून दिली म्हणजे जमीन पुन्हा पिकू लागते. अपरिग्रहाच्या व्रतात पूर्वाचार्यांनी हाच विचार सांगितला आहे. व्यवसायातून मिळविलेले ज्ञान हीदेखील संपत्तीच होय आणि तिचाही निचरा व्हावयास हवा.

मान, फडके आणि भाऊराव यांच्या वाटा निरनिराळ्या, काळ निराळा, श्रद्धाही निराळ्या. आपला पहिला व्यवसाय त्यांनी वाया जाऊ दिला नाही, हे मात्र या सर्वांत समान आहे. तेथे जे कमावले, ते पुढील पिढीच्या पदरात घातले. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी समाजाने आपल्या दानाच्या वहीत एक नवे पान उघडावे आणि त्यावर शिक्षकासाठी असे शीर्षक लिहावे. बारामती आणि इंदापूरच्या एखाद्या शाळेत उद्या कोणी मध्यमवयीन गृहस्थ हातात खडू घेऊन पहिल्यांदा फळ्याकडे वळेल, तेव्हा त्याच्या पाठीशी समाज उभा असावा, एवढीच या लेखाची अपेक्षा.

जय जिनेंद्र.